आबांचा तळहात

पेट्या अकरा वाजताच निघतील, आणि सगळ्यांच्या देखत निघतील, असं वाल्मिकभाऊंनी तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा मी हातातली दोरी जमिनीवर आपटली. एप्रिलचा महिना आणि सुरतेचं ऊन. मधमाश्यांच्या पेट्या हलवायच्या त्या गारव्यात, हे मी त्यांना आदल्या दिवसापासून समजावत होते. संध्याकाळी माश्या परतल्यावर आबांनी तिन्ही पेट्यांच्या दारांना बारीक जाळ्या ठोकल्या होत्या, पहाटे सहाला टेम्पो सांगितला होता. सहाला टेम्पो आलासुद्धा. पण वाल्मिकभाऊंनी तो गेटवरच अडवून धरला. अंधारात गुपचूप नेल्या आणि दोन दिवसांनी परत आणून ठेवल्या तर कोणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं.

"लोकांले दिसू दे, जयश्रीबेन," ते म्हणाले. "सोसायटी शे ही, खेडं नही."

वाल्मिकभाऊ आमच्या बिल्डिंगच्या मंडळाचे प्रमुख. आमच्याच खानदेशातले, चोपड्याकडचे. एम्ब्रॉयडरीची चार मशीनं टाकल्यापासून त्यांना खेडं या शब्दाची शिसारी येते. आणि मी, महापालिकेच्या मराठी शाळेत पस्तीस पोरांना गप्प बसवणारी बाई, त्यांच्यासमोर सहापासून अकरापर्यंत तडफडत उभी होते. तोवर बंद पेट्यांवर ऊन चढत होतं आणि आबा आपल्या मळक्या टॉवेलने त्यांच्यावर सावली धरून बसले होते.

आबा म्हणजे माझे वडील, सुपडू. चाळीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात काढली. खातं म्हणजे कारखाना, इथे सुरतेत तोच शब्द आहे. शंभर मशीनं एकदम खडखडतात तिथे माणसाचे कान किती वर्षं टिकणार? आबांचे पन्नाशीतच गेले. मग एक दिवस मालकाने मिठाईचा डबा हातावर ठेवला आणि आता घरी आराम करा म्हणून सांगितलं. कान ज्या जागेने खाल्ले त्याच जागेने बहिरा म्हणून घरी बसवलं. याचा मला तेव्हाही संताप आला होता. आबांना आला नाही. मिठाई त्यांनी बिल्डिंगमध्ये वाटून टाकली.

घरात आम्ही त्यांच्याशी खात्यातल्या खुणांनी बोलतो. मशीनच्या आवाजात कारीगर ज्या खुणा करतात त्याच. मूठ वर धरली की मशीन बंद. तळहात आडवा धरून हलवला की चालू. जेवण, पाणी, मालक आला, तार म्हणजे मागावरचा धागा तुटला, सगळ्याला खुणा आहेत. भांडणाला मात्र खूण नाही. भांडायला खात्यात वेळच नसायचा, असं आबा म्हणतात.

पण कान गेले तरी आबांना सगळं कळायचं, ते तळहाताने. मशीनला हात लावून ते सांगायचे की दुसऱ्या बाजूचा पट्टा ढिला आहे. घरी आल्यावर तीच सवय पाण्याच्या मोटारीला, मिक्सरला, कुकरच्या दांड्याला. आणि मग माश्यांच्या पेट्यांना.

माश्या आपणहून आल्या होत्या. कोसाडच्या या वसाहतीत आमचं घर तळमजल्यावर, मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहा हातांची पट्टी. तिथे माझ्या आईने, भागीरथीने, कोंबड्या पाळल्या होत्या. खुराड्याशेजारी आबांनी खात्यातून आणलेलं बॉबिनचं जुनं खोकं पडलं होतं. एका फाल्गुनात त्यात माश्या शिरल्या. आईने धूर करायला गोवऱ्या काढल्या. आबांनी तिला मूठ दाखवली. ते खोक्याजवळ गेले, हळूच वर तळहात ठेवला, आणि कामावरून सुटल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा कामावरच्यासारखा झाला. मी शेजारी उभी होते. माझा हात धरून त्यांनी खोक्यावर टेकवला.

"आयकू येस का?" त्यांनी विचारलं.

मला आवाज ऐकू येत होता. त्यांना हाताखालची थरथर. दोघांनीही मान हलवली.

त्यानंतर आबा नवसारीला मधमाशीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर करून आले, पेट्या आणल्या, एकीच्या तीन केल्या. त्यात सगळं गोडच होतं असं नाही. एका पावसाळ्यात मेणकिड्याने अख्खं पोळं पोखरलं. मुंगसाने आईच्या दोन कोंबड्या नेल्या. पण शेवगा फुलला की सकाळी त्या पट्टीत उभं राहावंसं वाटायचं. पेटीतून हाकललेले आळशी नर दारासमोर पडायचे आणि कोंबड्या रांग लावून ते टिपायच्या. आबा दर सकाळी तिन्ही पेट्यांवर हात ठेवायचे आणि आईला खुराड्याकडे ओरडून सांगायचे, चालू शेत. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनासुद्धा रोज कळायचं की सुपडूच्या माश्या चालू आहेत.

मध निघाला की दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घरात एक बाटली जायची. प्रत्येक घरात, म्हणजे वाल्मिकभाऊंच्याही. त्यांच्या बायकोचा, मनीषावहिनींचा खोकला त्याच मधाने आणि मिऱ्याने बरा व्हायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आता या बिल्डिंगचा स्वभाव सांगते. मागच्या वर्षी तक्रार आली की कोंबडा पहाटे आरवतो. कोंबडा गेला. आई पूर्वी नात्यातल्या-ओळखीतल्या बायकांना कोंबडी वाट्याने द्यायची, पिल्लं निघाली की अर्धी तिची अर्धी यांची. कोंबड्याविना पिल्लं थांबली. तेव्हा त्याच बायका विचारायला आल्या, यंदा पिल्लं का नाहीत, भागीरथीताई? अंडी सगळ्यांना हवी होती, आरवणं कोणाला नको होतं.

माश्यांचंही तेच झालं. मार्चमध्ये मनीषावहिनी गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला गेल्या आणि त्यांच्या बोटाला डंख बसला. बोट सुजलं, ताप आला. मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला गांधीलमाशीचं घर होतं, चांगलं बशीएवढं. मधमाशी चावली की तिची नांगी कातडीत रुतून राहते. डॉक्टरांना वहिनींच्या बोटात काही सापडलं नव्हतं. मी ते घर काठीने पाडून पिशवीत घातलं आणि मंडळाच्या मीटिंगला घेऊन गेले. लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या. पिशवीत एकानेही डोकावलं नाही. पट्टीवर पेव्हर टाकून बाइका लावता येतील, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग मला कळलं की मीटिंग कशाची होती. आबा शेवटच्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघून हसत होते. आपल्याच माश्यांबद्दल बोलणं चाललंय एवढंच त्यांना समजलं होतं.

पेट्या हलवायला रविवारपर्यंतची मुदत मिळाली. कोंबड्या राहिल्या, कारण अंडी.

पलसाण्याच्या पुढे आबांचे जुने जोडीदार सुकलालकाका एका वाडीची राखण करतात. एकाच खात्यात दोघं पंधरा वर्षं समोरासमोरच्या मशीनवर होते. पेट्या त्यांच्याकडे ठेवायच्या ठरल्या. वाडीत आंबा होता, शेवगा होता, माश्यांची चैन झाली असती.

तर अकरा वाजले. वाल्मिकभाऊंनी हाका मारून लोकांना गॅलऱ्यांमध्ये बोलावलं. पेट्या टेम्पोत चढवताना एका जाळीच्या कडेने दोन माश्या निसटल्या आणि पहिल्या मजल्यावर कोणीतरी किंचाळलं. वाल्मिकभाऊ म्हणाले, हे बघा, हे असं आहे, एक जरी माशी दिसली तरी टेम्पो हलू देणार नाही. तिथे माझं डोकं फिरलं. आबांच्या टोपलीत खात्यातल्या चिंध्या होत्या. मी त्या उचलल्या आणि तिन्ही दारांच्या जाळ्यांवर घट्ट कोंबल्या. वरून ताडपत्री ओढली, दोरी आवळली. घ्या, म्हटलं, आता एकही दिसणार नाही.

आबांनी माझं मनगट धरलं. "जाळी मोकळी ऱ्हाऊ दे. त्यासले वारा लागस."

मी त्यांना पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. गेटच्या बाहेर पडलो की काढते. आबांनी मनगट सोडलं आणि मागे पेट्यांजवळ बसले, ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून हात आत घालून.

मी पुढे ड्रायव्हरजवळ, नितीनजवळ बसले. गेट ओलांडलं आणि माझा मोबाइल वाजला. वाल्मिकभाऊंनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टेम्पोचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, आपली बिल्डिंग आता सुरक्षित. त्याखाली टाळ्या. ज्यांच्या घरी मध गेला त्यांच्या टाळ्या. मी लिहायला लागले. गांधीलमाशीच्या घराचा फोटो टाकला, डॉक्टरांचं म्हणणं टाकलं, कोणाकडे कितव्या आखाजीला बाटली गेली ते नावानिशी टाकलं. मग मनीषावहिनींचा फोन आला, माझ्या आजारपणाचा तमाशा करतेस म्हणून. मी त्यांना सोडलं नाही. मला जे जे सात वर्षांत म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं, कोंबड्यापासून.

पर्वत पाटियाला रस्ता खोदलेला होता. ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळे अडकून पडले होते. नितीनच्या टेम्पोचा सेल्फ बिघडलेला, एकदा बंद केला तर ढकलून चालू करावा लागतो, म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं. आम्ही चाळीस मिनिटं तिथे उन्हात उभे होतो. मध्ये एकदा मी खिडकीतून मागे वळून आबांना हाताने विचारलं, ठीक ना? त्यांनी ताडपत्रीखालचा हात न काढता दुसरा तळहात आडवा धरून हलवला. चालू. पुढे हायवेला लागल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा तीच खूण. चिंध्या माझ्या डोक्यातून साफ गेल्या होत्या. मनीषावहिनी रडायला लागल्या आणि त्यांनी फोन ठेवला. भांडण मी जिंकले होते.

वाडीत सुकलालकाकांनी झाडाखाली विटा मांडून ठेवल्या होत्या. नितीनने इंजिन बंद केलं. आबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी तळहात उचलला, पुन्हा टेकवला. दुसऱ्या पेटीवर ठेवला. तिसरीवर. मग घाईने दोन्ही हात.

ताडपत्री काढली तेव्हा गोड वास आला. पेट्यांच्या तळातून मध ठिबकत होता आणि टेम्पोच्या पत्र्यावरून खाली मातीत चालला होता. आत मेण वितळून पोळी कोसळली होती आणि सगळ्या माश्या त्यात काळ्या, ओल्या, एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. एकाही पेटीत काही हलत नव्हतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "कव्हय बंद पडनी?" त्यांनी विचारलं.

मशीन कधी बंद पडलं विचारावं तसं त्यांनी विचारलं. पेटीत उकाडा वाढला की माश्या आधी जोराने घोंगावतात, पंखांनी वारा घालतात. मग एकदम गप्प होतात. कान असलेल्या कोणालाही ते ऐकू आलं असतं. टेम्पोत तो आवाज ओळखणारी, कान असलेली मीच होते. आबांच्या तळहाताला वाटभर इंजिनची थरथर लागत होती आणि त्यांना वाटत होतं की माश्या आहेत. सुकलालकाकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा आबांनी डोळे मिटून नुसती मूठ वर धरली.

रिकाम्या पेट्या आम्ही परत आणल्या. आईने त्या बघितल्या आणि आधी जाऊन सगळ्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. पेट्या धुऊन झाल्या, मेलेल्या माश्या आबांनी शेवग्याच्या बुंध्याशी पुरल्या, वरची माती तिने पायाने दाबली, तोपर्यंत तिने एकही कोंबडी सोडली नाही. त्या माश्या कोंबड्यांनी टिपलेल्या तिला चालल्या नसत्या.

वाल्मिकभाऊ दाराशी आले आणि झालं ते वाईट झालं म्हणाले. सहाला निघालो असतो तर साडेसातला पोचलो असतो, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चिंध्या कोणी कोंबल्या होत्या? मी दार लावून घेतलं. चिंध्या मी कोंबल्या होत्या. पण मला कोंबायला लावणारा माणूस हा प्रश्न विचारतो, याचा राग आजही माझ्या पोटात आहे तसा आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माश्या गेल्या त्याहून मला दुसरी गोष्ट जास्त लागली. आबांनी कशालाही हात लावून बघणं सोडलं. मोटार चालू केली की ते आईला विचारायचे, चालू शे का? मिक्सर लावला की आईला विचारायचे. कुकरजवळ जायचेच नाहीत. कान गेल्यावर वीस वर्षं जो हात त्यांना सगळं सांगत होता, त्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. मी खुणा करून करून सांगितलं, चूक माझी होती, इंजिनची होती. ते मान हलवायचे आणि हात मांडीखाली घालून बसायचे.

पावसाळा आला. पट्टीवर पेव्हर पडले, पण बिल्डिंगच्या भिंतीकडेला प्रत्येक घराने वेल लावले होते, खानदेशी माणूस गिलक्यावाचून, म्हणजे घोसाळ्यावाचून, राहत नाही. वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, पिवळ्या फुलांनी भरून गेले. आणि गिलकं धरेना. बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. बायका राख टाकू लागल्या, ताक ओतू लागल्या. मनीषावहिनींनी वेलाला नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल बांधली. मी गॅलरीतून बघायचे आणि मला बरं वाटायचं. माश्यांवाचून फळ धरत नाही हे मला माहीत होतं, आणि मी कोणाला सांगणार नव्हते.

श्रावणातल्या एका सकाळी साडेसहाला मी शाळेला निघाले तर आबा वेलांजवळ दिसले. त्यांनी एक नर फूल तोडलं होतं, त्याच्या पाकळ्या काढल्या होत्या, आणि ज्या फुलाच्या मागे इवलं गिलकं असतं अशा फुलात ते अलगद टेकवत होते. शिबिरात शिकवलं असणार. चाळीस वर्षं त्यांनी दोन बोटांनी तुटलेली तार सांधली होती, तीच दोन बोटं. आमचा वेल झाला, शेजारचा झाला. कोणाला काही न सांगता ते एकेक दार पुढे सरकत होते. मग चप्पल बांधलेल्या वेलासमोर उभे राहिले.

मी चपला फटफटत गेले आणि त्यांच्या तोंडासमोर मूठ धरली. बंद. हा वेल नाही. मी वर बोट दाखवलं, वाल्मिकभाऊंच्या खिडकीकडे, मग आमच्या रिकाम्या पेट्यांकडे. मला रडू येत होतं, रागाचं.

आबांनी माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि खाली केली.

"माशी काय नाव ईचारीसन बसस?" ते म्हणाले. नेहमीप्रमाणे मोठ्याने, त्यामुळे वरची खिडकी उघडली. मनीषावहिनी खाली बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आबांनी नवं फूल तोडलं. वेलाकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. त्यांना हव्या असलेल्या फुलात एक माशी बसली होती. गांधीलमाशी नव्हे, लहानशी, तपकिरी, अंगभर पिवळी धूळ लागलेली. कुठून आली देव जाणे, रेल्वेपलीकडच्या शेतातून आली असेल. आबा एक पाऊल मागे सरले आणि तिचं होईपर्यंत हातात फूल धरून उभे राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज खरंच हळू होता. "आवाज करी राह्यनी का?"

माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजत होता. मी पर्स खाली पेव्हरवर ठेवली, वाकले, आणि कान फुलाजवळ नेला. माशी दुसऱ्या फुलावर गेली, मीही कान तिकडे नेला. नीट ऐकून घेतलं.

मग मी सरळ उभी राहिले, तळहात आडवा धरला आणि आबांसमोर हलवला.